फॉरमॅट मारण्याआधी

बऱ्याच घरांत असं एक नेटबुक अजून आहे. २००९-१० च्या सुमारास घेतलेलं, दहा इंची, मुलांच्या प्रकल्पांसाठी किंवा प्रवासात बरं म्हणून. कधीतरी आवराआवरीत ते हाती लागतं. चार्जर लावला की चालूही होतं. विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी पडद्यावर येते, जुने फोटो उघडतात, गाणी वाजतात, वायफायसुद्धा जोडलं जातं. मग माणूस हौसेने इंटरनेट उघडतो आणि तिथे अडतं. बँकेचं पान नाही, रेल्वेचं नाही, साधी बातम्यांची साइटही नाही. 'पान दाखवता येत नाही' एवढंच उत्तर.

यंत्रातला एक स्क्रूही बदललेला नाही. मग तेव्हा उघडणारं इंटरनेट आज का उघडत नाही?

ब्राउझर आणि वेबसाइट एकमेकांशी सांकेतिक भाषेत बोलतात, म्हणजे मधल्या कुणाला ते वाचता येऊ नये. या बोलण्याच्या नियमांना टीएलएस म्हणतात आणि त्यांच्या आवृत्त्या निघत असतात. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला त्यातली १.० एवढीच येते. १.० आणि १.१ या दोन्ही आवृत्त्या कच्च्या ठरल्या आणि २०२० पासून मोठ्या ब्राउझरांनी त्या सोडून दिल्या. बहुतेक साइट आता त्यांना दाराशीही उभं करत नाहीत. दुसरी भानगड प्रमाणपत्रांची. समोरची साइट खरंच त्या बँकेची आहे हे ब्राउझर डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरवतो आणि त्या प्रमाणपत्रामागे कुणाची तरी मूळ सही लागते. कोणाच्या सह्या मानायच्या याची यादी ऑपरेटिंग सिस्टीम किंवा ब्राउझरजवळ असते आणि त्या सह्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला अशीच एक फार वापरातली मूळ सही संपली आणि जगभरातल्या जुन्या यंत्रांवर त्या दिवसापासून अनेक साइट बंद पडल्या. यादी ताजी ठेवायचं काम मायक्रोसॉफ्टचं. पण एक्सपीसाठी ते ८ एप्रिल २०१४ लाच थांबलं होतं.

म्हणजे नवी ऑपरेटिंग सिस्टीम लागणार, हे पक्कं. आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान आणि 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या' हे वाक्य. ते म्हणण्याआधी यंत्राच्या पोटात काय आहे ते बघायला हवं, कारण नेटबुकच्या बाबतीत उत्तर तिथेच ठरतं.

मुळात हे यंत्र कशासाठी होतं

निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेने गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप करायचं मनावर घेतलं. किंमत काही शंभरावर उतरली नाही, पण ती हिरवी-पांढरी यंत्रं शाळांत पोचली. २००७ मध्ये आपल्या कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या छोट्या शाळेतही. त्याच वर्षी तैवानच्या असूसने 'ई पीसी ७०१' बाजारात आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी, ४ जीबी साठवण आणि आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. तो इतका खपला की सगळे मागे धावले. २००८ मध्ये इंटेलने याच वर्गासाठी अ‍ॅटम प्रोसेसर काढला आणि पुढची दोन-तीन वर्षं निघालेली नेटबुकं एका साच्यातली वाटावीत अशी होती: अ‍ॅटम एन-२७०, १ जीबी मेमरी, १६० जीबीची हार्ड डिस्क, १०२४ बाय ६०० चा पडदा.

या एन-२७० ची खासियत वेग ही नव्हेच. जेमतेम अडीच वॉटमध्ये बसावा म्हणून त्याची रचना मुद्दाम साधी ठेवली. मोठे प्रोसेसर एक आज्ञा अडकली तर पुढची एखादी आधी उरकून घेतात. हा तसं करत नाही. आज्ञा ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने उरकतो आणि एक खोळंबली की मागच्या सगळ्या खोळंबतात. इमेल आणि दोन पानं वाचायला २००८ साली एवढं पुरत होतं.

बत्तीस की चौसष्ट?

पहिला प्रश्न हाच. प्रोसेसर मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांकाने ओळखतो. तो क्रमांक लिहायला बत्तीस घरं असतील आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक, तर एकूण ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक तयार होतात. म्हणजे ४ जीबी. म्हणून ३२ बिटांचं यंत्र साधारणपणे ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरू शकत नाही, असं सांगितलं जातं. ते बरोबर असलं तरी आपल्या कामाचं नाही, कारण एन-२७० सोबतची चिप २ जीबीच्या पुढे जातच नाही.

आपली अडचण वेगळी. ६४ बिटांसाठी तयार केलेल्या सिस्टीममध्ये अशा आज्ञा असतात, ज्या एन-२७० ला येतच नाहीत. मेमरी वाढवून त्या येत नाहीत, सेटिंग बदलूनही येत नाहीत. हौसेने ६४ बिटांचं लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन बसलात तर काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटतात: या कर्नलला (म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला) एक्स८६-६४, म्हणजे ६४ बिटांचा प्रोसेसर लागतो, इथे फक्त आय-६८६, म्हणजे ३२ बिटांचा सापडला. पुढे काही नाही. यंत्र बिघडलं असं समजून अनेक जण इथेच नाद सोडतात. ते बिघडलेलं नसतं, त्याने खरं काय ते सांगितलेलं असतं.

जानेवारी २०१० नंतर आलेल्या एन-४५० आणि त्याच्या भावंडांना ६४ बिट येतात. तरी १ जीबी मेमरी असेल तर त्यांच्यावरही मी ३२ बिटांचीच सिस्टीम टाकायला सांगेन. ६४ बिटांत मेमरीतला प्रत्येक पत्ता चारऐवजी आठ बाइट घेतो आणि प्रोग्रॅममध्ये असे पत्ते लाखोंनी असतात. जिथे जागेचीच मारामार, तिथे ही उधळपट्टी कशाला?

आता कोण काय देतं ते बघू. विंडोज ११ (ऑक्टोबर २०२१) फक्त ६४ बिटांत, किमान ४ जीबी मेमरी मागणारं; तो विषय संपला. विंडोज १० मात्र ३२ बिटांत मिळत होतं आणि कागदावर १ जीबी मेमरीत चालत होतं. प्रत्यक्षात ते चालू झाल्यावर मागच्या मागे अपडेट शोधणं, विषाणू तपासणं, शोधसूची बनवणं यातच डिस्क गुंतून पडते. त्याचा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्येच. दुकानात कुणी 'लाइट विंडोज' म्हणून आतले भाग कापून काढलेलं काही टाकून देत असेल तर नको म्हणा. काय कापलं आणि काय घातलं हे त्यालाही ठाऊक नसतं.

राहिलं लिनक्स. पण तिथेही ३२ बिटांची दारं एकेक करून लागत आली आहेत. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटूच्या मुख्य डेस्कटॉपने २०१७ मध्ये, फेडोराने २०१९ मध्ये ती बंद केली. कारण रुक्ष आहे: डेबियनसारख्या लिनक्सच्या संग्रहात चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजं असतात आणि प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी ती वेगळी बांधून तपासावी लागतात. वापरणारे उरले मूठभर, तर राबायचं कुणी? ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं. म्हणून आपल्या नेटबुकसाठी कामाचं डेबियन म्हणजे जून २०२३ चं १२, किंवा त्याच्यावर उभं असलेलं अँटिक्स २३. जुन्या यंत्रांसाठीच बेतलेलं हे अँटिक्स चालू झाल्यावर स्वतःसाठी साधारण दोनशे एमबीच्या आसपास मेमरी घेतं. माझं मत त्याच्याच बाजूचं.

ओटा आणि माळा

मेमरी कमी म्हणजे नेमकं काय होतं? मेमरी हा स्वयंपाकघरातला ओटा धरा आणि हार्ड डिस्क हा माळा. काम ओट्यावरच होतं, डबे माळ्यावर. ओटा भरला की आत्ता नको असलेला डबा माळ्यावर चढवायचा आणि हवा असलेला खाली आणायचा. संगणक हेच करतो, त्याला स्वॅप म्हणतात. मेमरीतला बाइट मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरचा मिळायला दहा मिलिसेकंद किंवा जास्त. फरक लाख पटीचा. ओट्यावरची मिठाची बरणी घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरची आणायला सव्वा दिवसाच्या आसपास. नेटबुक 'हँग झालं' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते हँग नसतं. माळ्याच्या शिडीवर असतं.

यावर तीन उपाय. ओटा मोठा करा, म्हणजे १ जीबीची पट्टी काढून २ जीबीची डीडीआर२ लावा. बहुतेक नेटबुकांत खालचं झाकण उघडलं की पट्टी समोर दिसते, पण एसरच्या पहिल्या, ८.९ इंची अ‍ॅस्पायर वनमध्ये ५१२ एमबी बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आणि दुसऱ्या पट्टीचा खाचा बोर्डाच्या उलट बाजूला. तिथे पोचायला कीबोर्ड उचलायचा, वरचं कव्हर सोडवायचं, बोर्डच बाहेर घ्यायचा. आणि एवढं करून मिळते दीड जीबी. दुसरा उपाय, माळाच खाली आणा: अडीच इंची साटा हार्ड डिस्क काढून त्या जागी एसएसडी. तिला फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे सव्वा दिवसाची फेरी पंधरा-वीस मिनिटांवर येते. जुन्या यंत्रावर पैसे खर्च करायचेच तर मी आधी इथे करेन. तिसरा उपाय फुकट आहे. लिनक्समधली झेडरॅम नावाची सोय कमी लागणारी माहिती माळ्यावर न चढवता दाबून, लहान करून ओट्यावरच ठेवते. दाबायला-उलगडायला प्रोसेसरला थोडं काम पडतं, पण शिडीपेक्षा ते फार स्वस्त.

पडदा रंगवणारी चिप

ऑपरेटिंग सिस्टीमला प्रत्येक भागाशी बोलायला त्या भागाचा ड्रायव्हर लागतो. एन-२७० सोबत सहसा इंटेलचं जीएमए ९५० हे ग्राफिक्स असतं. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असल्यामुळे पडदा पहिल्या झटक्यात नीट येतो. गोची होते ती अ‍ॅटम झेड-५२० सारख्या प्रोसेसरांसोबत आलेल्या जीएमए ५०० मध्ये. नाव इंटेलचं, पण आतली रचना दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली आणि तिची माहिती कधी खुली झाली नाही. २०१२ पासून कर्नल तिथे चित्र दाखवतो, पण खिडक्या सरकवताना आणि व्हिडिओ बघताना सगळा भार प्रोसेसरवर. पुढच्या एन-२६०० मधल्या जीएमए ३६०० चीही तीच कथा. नेटबुक विकत घ्यायचं असो की वाचवायचं, या दोन नावांपासून लांब राहिलेलं बरं.

वायफायची पूर्वी मोठी पंचाईत होती. अनेक वायफाय चिपांना चालू होताना फर्मवेअर नावाची छोटी फाइल भरवावी लागते. ती मुक्त परवान्याची नसल्याने डेबियन आपल्या इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. म्हणजे वायफाय चालू करायला जी फाइल हवी ती आणायला वायफाय हवं! २०२२ मध्ये मतदान होऊन धोरण बदललं आणि डेबियन १२ पासून ही फाइल सोबत येऊ लागली.

नुसती फाइल पेन ड्राइव्हवर टाकून का भागत नाही

नेटबुकला सीडी ड्राइव्ह नाही, म्हणून पेन ड्राइव्ह. सिस्टीमची उतरवलेली आयएसओ फाइल लोक कॉपी-पेस्ट करतात आणि यंत्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याचं कारण यंत्र उठतं कसं यात आहे.

बटण दाबलं की आधी बायोस जागं होतं. त्याला फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, काहीच कळत नाही. त्याला एवढंच ठाऊक, की डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलायचे, शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण आहे का बघायची आणि असेल तर ते बाइट मेमरीत ठेवून चालवायचे. त्या ५१२ मधले ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्यात जातात आणि सूचनांना उरतात जेमतेम ४४६. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे तेवढ्या जागेत मराठीचं एखादं मध्यम वाक्य मावेल. अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम तिथून उठणं शक्यच नाही. त्या ४४६ बाइटांचं काम इतकंच, की शेजारी ठेवलेल्या मोठ्या तुकड्याला हाक मारायची. तो तुकडा म्हणजे ग्रब. ग्रबला फायली वाचता येतात. तो कर्नल शोधून मेमरीत आणतो, कर्नल ड्रायव्हर लावतो, खरी डिस्क ओळखतो आणि मग बाकीची सिस्टीम उठवतो.

कॉपी-पेस्टमध्ये फाइल पोचते, पण ते पहिले ५१२ बाइट जुनेच राहतात. रूफस किंवा एचरसारखा प्रोग्रॅम आयएसओमधला हा उठवण्याचा भागही पेन ड्राइव्हच्या सुरुवातीला बसवतो. रूफसमध्ये विचारलं तर एमबीआर (म्हणजे हेच पहिले ५१२ बाइट) आणि बायोस हे निवडायचं. नेटबुकांच्या काळात नवी यूईएफआय पद्धत त्यांच्यापर्यंत आलेली नव्हती.

मग यंत्र चालू करताना ई पीसीवर एस्केप, एचपीवर एफ९, एसरवर एफ१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. एसरमध्ये एफ१२ ची यादी मुळात बंद ठेवलेली असते. आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते. अँटिक्स पेन ड्राइव्हवरून थेट चालतं, डिस्कला हात न लावता. वायफाय येतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, हे सगळं तिथेच तपासा. न आवडल्यास पेन ड्राइव्ह काढला की जुनं एक्सपी जसंच्या तसं.

*चौकट: डिस्क पुसण्याआधी*
*फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि तिथे उघडूनही बघा. मराठी मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये असेल तर तो फाँटही सोबत घ्या. नाहीतर पत्र उघडेल आणि त्यात नुसती इंग्रजी अक्षरं व चिन्हं दिसतील. बॅटरी बहुधा गेलेली असेल, म्हणून चार्जर लावूनच काम करा. इन्स्टॉलर 'संपूर्ण डिस्क' असं विचारेल तेव्हा समोर १६० जीबीची डिस्क निवडली आहे की तुमचाच पेन ड्राइव्ह, हे आकड्यावरून ताडून घ्या.*

सहाशे ओळींचा पडदा

इन्स्टॉल करताना एक गंमत हमखास घडते. काही खिडक्या ७६८ ओळींचा पडदा गृहीत धरून आखलेल्या असतात आणि नेटबुकला ओळी सहाशेच. 'पुढे' हे बटण पडद्याच्या खाली, कुठेतरी अदृश्यात. ऑल्ट दाबून ठेवून खिडकी कुठेही धरा आणि वर ओढा. तिचं डोकं पडद्याबाहेर जातं आणि पाय दिसू लागतात. विंडोज ८ मध्ये तर याच कारणाने स्टोअरवरची अ‍ॅप या पडद्यावर उघडतच नसत. त्यांची किमान अट १०२४ बाय ७६८ ची होती.

मराठी लिहिणाऱ्याला या बदलात एक बोनस मिळतो. एक्सपीत देवनागरी नीट दिसण्यासाठी भारतीय लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे आणि तो मागे एक्सपीची सीडी. सीडी ड्राइव्ह नसलेल्या यंत्राकडे! हा आधार नसला की पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. आजच्या लिनक्समध्ये अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचा घटक मुळातच करतो. इन्स्क्रिप्ट कळफलक तेवढा सेटिंगमधून जोडून घ्यायचा.

आणि इंटरनेट?

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. साइट उघडतील; टीएलएसही नवं, प्रमाणपत्रांची यादीही नवी. पण ऑपरेटिंग सिस्टीम दोनशे एमबीत बसवून तुम्ही जे वाचवलं, ते ब्राउझर एका टॅबमध्ये उडवू शकतो. २००९ चं बातमीचं पान म्हणजे मजकूर आणि चार चित्रं. आजचं पान हा एक छोटा प्रोग्रॅम असतो, जो तुमच्या प्रोसेसरवर चालतो. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकलं की निम्मा जाच कमी होतो, कारण जड कोड बराचसा जाहिरातींचाच. टॅब दोन-तीनच ठेवायचे. व्हिडिओच्या बाबतीत फार आशा नको: आजच्या पद्धतीने आवळलेला व्हिडिओ उलगडायला जीएमए ९५० काही मदत करत नाही, सगळं एन-२७० नेच करायचं. ३६० पी चालेल; त्याच्या वर चित्र अडखळतं. लिहिणं, पीडीएफ वाचणं, हिशेबाचे तक्ते, गाणी, इमेल यांना मात्र ते पुरून उरतं. ज्याला ऑनलाइन वर्ग आणि व्हिडिओ कॉल करायचे आहेत, त्याने एसएसडीवरही पैसे घालू नयेत.

मुदतीही बघून ठेवा. फायरफॉक्सची ३२ बिटांच्या लिनक्ससाठीची नेहमीची मालिका १४४ व्या आवृत्तीवर थांबली. दीर्घ आधाराच्या १४० आवृत्तीला मोझिलाने किमान सप्टेंबर २०२६ पर्यंतचा शब्द दिला आहे. डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंतचा आहे. यातली पहिली मुदत संपली की हे यंत्र बँकेच्या कामाला लावू नका.

घड्याळाचा सेल

एवढं सगळं करूनही कधी कधी साइट उघडत नाहीत आणि ब्राउझर म्हणतो, प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. अशा वेळी कोपऱ्यातली तारीख बघा. २००८ किंवा २००९ दिसेल. बोर्डावर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. इतक्या वर्षांत तो संपतो आणि बायोस आपल्या जन्माच्या तारखेवर परत जातं. ब्राउझरच्या लेखी आज २००९ असेल तर या वर्षी दिलेलं प्रमाणपत्र भविष्यातलं, म्हणून अमान्य. तारीख हाताने दुरुस्त केली की लगेच चालतं; कायमचं करायचं तर सेल बदला. काही नेटबुकांत त्याला वायरी जोडलेल्या असतात, तेव्हा आधी उघडून बघा आणि मगच दुकानात जा.

सेल नवा घातला तरी ३२ बिटांच्या घड्याळाला स्वतःची एक हद्द आहेच. लिनक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं आणि जुन्या ३२ बिटांच्या मोजणीत ते १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतात. डेबियनने अलीकडे ३२ बिटांच्या इतर प्रोसेसरांसाठी मोजणीची घरं वाढवली. पीसीच्या ३२ बिटांना मात्र त्यातून मुद्दाम वगळलं, कारण तिथे नवं काही चालवायचंच नव्हतं. तिथलं जुनं सॉफ्टवेअर न बिघडता चालत राहावं, एवढंच हवं होतं.